आर्किटेक्ट पुण्यात, ठेकेदार कराडला आणि मधे जिना : या दोघांना एकमेकांशी बोलतं कसं करायचं?

कृष्णाकाठ

मंडळी, कराडजवळ आमच्या गावी घर बांधतोय, तळमजला अधिक एक. दोन्ही स्लॅब पडले, वीटकाम झालं, आतला गिलावा संपत आलाय. आर्किटेक्ट मॅडम पुण्याच्या, आरसीसीचं (सळई-काँक्रीटच्या सांगाड्याचं) डिझाईन त्यांच्याच ओळखीतल्या एका सरांचं, ठेकेदार गावातले, वडिलांच्या जुन्या माहितीतले. कामाला सगळे चांगले आहेत हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे "हाकलून दे त्याला" टाईप सल्ले नकोत.

अडचण अशी की हे लोक एकमेकांशी बोलतच नाहीत. भांडण नाही काही, पण ठेकेदारांना शंका आली की ते मला फोन करणार, मी ऑफिसात मीटिंगमध्ये, मग मी संध्याकाळी मॅडमना मेसेज टाकणार, त्या मला पीडीएफ पाठवणार, मी ती ठेकेदारांना ढकलणार, ते ती मोबाईलवर दोन बोटांनी मोठी करून बघणार, आणि तोवर गवंड्याने आपल्या मनाने काम उरकून टाकलेलं असतं.

परवा फरशीवाले मिस्त्री माप घ्यायला आले. जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभे राहिले, वर बघितलं आणि म्हणाले, "साहेब, ही पायरी बसकी होणार आणि वरच्या शेवटच्या पायरीला माणूस ठेचकाळणार." टेप लावली तर त्यांचं खरं. हिशोब सांगतो. खालच्या पीसीसीपासून (फरशीखालच्या साध्या काँक्रीटच्या थरापासून) वरच्या स्लॅबच्या माथ्यापर्यंत बरोबर १० फूट, म्हणजे १२० इंच. २० पायऱ्या, प्रत्येक ६ इंच. कागदावरही सहा, साईटवरही सहा. पण खोल्यांमध्ये फरशी मालासकट ३ इंच धरलीय आणि पायऱ्यांवर ग्रॅनाईट मालासकट दीड इंच. म्हणजे फरशी बसल्यावर पहिली पायरी ६ अधिक दीड वजा ३, साडेचार इंच. सगळ्यात वरची ६ अधिक ३ वजा दीड, साडेसात. मधल्या सगळ्या सहा. घरात ७४ वर्षांची आई आहे आणि तिची खोली वर नको असं कितीही म्हटलं तरी देवघर वर आहे.

मॅडम म्हणतात, ड्रॉईंगमध्ये फिनिश लेव्हल (फरशी बसल्यावरची पातळी) लिहिलीय. लिहिलीय खरंच, कोपऱ्यात, बारीक अक्षरात. ठेकेदार म्हणतात, सेंट्रिंगच्या (काँक्रीट ओतण्याआधी साचा बांधायच्या) वेळी माझ्या हातात आरसीसीचं ड्रॉईंग होतं, त्यात जे होतं ते केलं. तेही खरं. मग चूक कुणाची म्हणायची?

आता जिन्याचं काय करता येईल, आणि उरलेलं काम (फरशी, प्लंबिंग, खिडक्या, बाहेरचा गिलावा) असंच टपालखात्यासारखं न चालता कसं करायचं, जाणकारांनी सांगा.

निवांत

दोन मजली घराला आर्किटेक्ट लागतोच कशाला? आमच्या ठेकेदारानेच प्लॅन काढून दिला, घर उभं आहे १५ वर्षं. जितके शहाणे तितका घोळ.

ओळंबा

निवांतराव, घर उभं राहणं आणि घर नीट असणं यात फरक असतो, असो.

कृष्णाकाठ, मी साईटवरचा माणूस आहे, बंगल्यांची कामं बघतो सांगली-सातारा भागात. हा जिन्याचा प्रकार इतका कॉमन आहे की विचारू नका, आणि त्याचं कारण असं की जिन्याचं सेंट्रिंग करणारा एक, वीटकाम करणारा दुसरा, फरशी बसवणारा तिसरा, आणि तो तिसरा येतो आठ-दहा महिन्यांनी, तोवर फरशीची जाडी किती हे कुणाच्या डोक्यातच नसतं. सेंट्रिंगवाला कच्च्या मापाने काम करतो, आर्किटेक्ट पक्क्या मापाने विचार करते, आणि दोघंही "सहा इंच" म्हणतात!

यावर एकच उपाय मला माहीत आहे, तो म्हणजे लेव्हलची लाईन. स्लॅबचं सेंट्रिंग काढल्यावर पहिलं काम हे करायचं की पक्की फरशी कुठे येणार ते ठरवायचं आणि तिथून बरोबर १ मीटरवर प्रत्येक कॉलमला, प्रत्येक भिंतीला लेव्हल पाईप फिरवून गेरूत भिजवलेल्या दोरीने लाईन मारून घ्यायची. मग खिडकीचा कठडा असो, स्विचबोर्ड असो, ओटा असो, नळ असो, सगळ्यांनी माप त्या लाल रेषेपासूनच घ्यायचं, जमिनीपासून कुणीही टेप लावायची नाही, कारण जमीन अजून झालेलीच नाही. मी साईटवर पहिल्या दिवशी हेच सांगतो, आणि गिलाव्यात लाईन बुजली की परत मारून घेतो. लेझर असेल तर उत्तमच, पण पाण्याच्या पाईपनेही बिनचूक होतं, फक्त पाईपात हवेचा बुडबुडा राहिला की बोंब.

तुमच्या घरात ही लाईन आहे का? नसेल तर उद्याच मारून घ्या.

कृष्णाकाठ

लाईन नाहीये. इलेक्ट्रिशियनने बोर्ड "स्लॅबपासून साडेचार फूट" घेतलेत, प्लंबरने वेगळंच काहीतरी घेतलंय. आता घाम फुटला.

रचनाकार

मी आर्किटेक्ट आहे, पुण्यातच, त्यामुळे या धाग्यावर शिव्या खायची तयारी ठेवून लिहिते.

आमच्या क्षेत्रात एक वाईट खोड आहे. परवानगीसाठी जे ड्रॉईंग नगरपालिकेत किंवा पंचायतीत जातं, तेच बऱ्याचदा साईटवर पोचतं. त्यात खोल्यांची मापं, समासातलं अंतर, एफएसआयचा (प्लॉटवर किती बांधकाम चालतं त्याचा) हिशोब, एवढंच असतं. गवंड्याला त्याचा काही उपयोग नाही. त्याला हवं असतं सेंटरलाईनचं ड्रॉईंग, वीटकामाचं वेगळं, दारं-खिडक्यांचा तक्ता, जिन्याचा मोठा छेद, बाथरूमच्या चारही भिंतींचं एलेव्हेशन. ही बनवायला वेळ लागतो आणि क्लायंटला वाटतं की "प्लॅन तर दिलाय ना, अजून कसली फी?"

दुसरं भेटींचं. कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरच्या अटींमध्येही आर्किटेक्टने अधूनमधून येऊन बघणं आणि साईटवर रोज देखरेख करणं या वेगळ्या गोष्टी धरल्यात, रोजच्या देखरेखीला वेगळा माणूस लागतो आणि त्याचा पगार मालकाने द्यायचा. बंगल्याच्या कामात तो माणूस कुणी ठेवत नाही. मग ती जागा आपोआप मालक भरून काढतो, नोकरी सांभाळून, फोनवरून. कृष्णाकाठ यांचं तेच झालंय.

मी स्वतः आता करारातच लिहिते की कुठल्या टप्प्याला मी येणार : लाईन आऊट (जमिनीवरची आखणी), जोतं, प्रत्येक स्लॅबच्या आधी, लिंटेल (दार-खिडकीवरची आडवी पट्टी) लेव्हल, एक बाथरूम पूर्ण झाल्यावर, आणि फरशी सुरू व्हायच्या आधी. आणि ठेकेदाराने मला थेट फोन करायचा, मालकाला मधे घ्यायचं नाही. मालकाला ग्रुपवर नंतर कळतं काय ठरलं ते. पैशाचा विषय निघाला तरच मालक.

गावचा_ठेकेदार

राम राम. वाचत होतो गुपचूप, आता लिहितो. टायपिंगच्या चुका पोटात घाला.

मॅडम म्हणतात ते बरोबर आहे पण आमची बाजू कुणी ऐकत नाही. आम्हाला ड्रॉईंग येतं एमएममध्ये. माझा गवंडी तिसरी शिकलेला, हात असा की भिंत ओळंब्यात सूतभर हलणार नाही, पण त्याच्या टेपवर तो इंच बघतो. ३००० लिहिलं की तो दहा फूट म्हणतो. दहा फूट म्हणजे ३०४८, जवळजवळ दोन इंच फरक पडला ना. एका खोलीत ठीक, चार खोल्या ओळीने आल्या की सात-आठ इंच कुठे गेले ते शोधत बसा. मी आता ड्रॉईंग आलं की रात्री बसून सगळी मापं लाल पेनाने फूट-इंच-सूतमध्ये लिहून काढतो, तोच कागद साईटवर. ते काम खरं आर्किटेक्टने करायला पाहिजे का नको?

दुसरं म्हणजे कागदच उशिरा येतो. लेबर आणलेलं असतं बाहेरून, त्यांना रोज बसवून पगार कोण देणार? सेंट्रिंगवाला म्हणतो शेठ, उद्या माझी दुसरीकडे सुपारी आहे, आज लावून टाकतो. मग पॅरापेटची (गच्चीच्या कठड्याची) डिझाईन यायच्या आत आम्ही साधी भिंत चढवतो आणि तीन दिवसांनी कागद येतो की तिथं जाळी पाहिजे. तोडा. तोडायचे पैसे मागितले की ठेकेदार वाईट.

आणि मोबाईलवरच्या ड्रॉईंगचं तर बोलूच नका. "फायनल", "फायनल नवीन", "फायनल नवीन २". पोरगा ते ए-४ वर झेरॉक्स काढून आणतो, त्यावर पट्टी ठेवून माप काढतो. छापताना कागद लहान झालेला असतो हे त्या पोराला कोण सांगणार.

शेवटचं. पाहुणे मालक येतात रविवारी आणि गवंड्याला सांगून जातात, "ही खिडकी जरा मोठी कर." आर्किटेक्टला माहीत नाही, मला माहीत नाही. सोमवारी लिंटेल भरलेलं असतं. कृष्णाकाठ साहेब तुमच्याबद्दल नाही बोलत.

ओळंबा

ठेकेदारभाऊ, लाल पेनाच्या कागदाला सलाम. ए-४ झेरॉक्सवर पट्टी, अगदी अगदी. लिहिलेलं माप तेवढंच खरं, मोजून काढलेलं कधीच नाही, हे साईटच्या दारावर रंगवून ठेवायला पाहिजे. आणि नवीन कागद आला की जुना परत घ्यायचा, आडवी रेघ मारून. नाहीतर सुताराकडे जुना आणि प्लंबरकडे नवा.

सासरेबुवांचा_जावई

तुम्ही सगळे वास्तुतज्ज्ञांना विसरलात. कॉलमचे खड्डे खणून झाल्यावर आमच्याकडे एक गृहस्थ आले, स्वयंपाकघर आग्नेयेला हवं म्हणाले. सासरे म्हणाले हवं. आर्किटेक्टने एका रात्रीत प्लॅन फिरवला, आरसीसीवाल्यांना कळवायचं राहिलं. आता हॉलच्या मधोमध कॉलमचा एक कान बाहेर आलाय, त्याला आम्ही तुळशीची कुंडी लावलीय. (हलके घ्या.)

सळई

हसण्यावारी नेऊ नका, हे मी महिन्याआड बघतो. मी स्ट्रक्चरल डिझाईन करतो. आर्किटेक्टच्या ड्रॉईंगमध्ये कॉलम ९ बाय १५ उभा, माझ्या जुन्या ड्रॉईंगमध्ये आडवा, आणि लाईन आऊटला ज्याचा कागद हाताशी असेल त्याचं खरं. खड्डे मारायच्या आधी दोन्ही ड्रॉईंग एकावर एक ठेवून बघायला अर्धा तास लागतो, तो अर्धा तास कुणाच्याच कामात धरलेला नसतो.

कराड भाग आहे म्हणून अजून एक. कोयना तुमच्या उशाशी आहे, ११ डिसेंबर १९६७ ची भूकंपाची पहाट तिकडच्या जुन्या लोकांना विचारा. आम्ही ड्रॉईंगवर टीप लिहितो की रिंगेचा (कॉलमच्या उभ्या सळयांना बांधणाऱ्या आडव्या कड्याचा) हूक १३५ अंशात आत वाकलेला पाहिजे, शेपूट निदान ६५ मिमी. साईटवर गेलो की सगळ्या रिंगा ९० अंशात. बारबेंडरचा (सळई वाकवणाऱ्याचा) काही दुष्टपणा नाही, त्याला ती इंग्रजी टीप कुणी वाचून दाखवलेलीच नसते, आणि काटकोनात वाकवणं पटकन होतं. भूकंपात कव्हर (सळईबाहेरचं काँक्रीट) फुटलं की ९० वाली रिंग उलगडते आणि कॉलम उघडा पडतो. मी आता टिपेवर अवलंबून राहत नाही. पहिल्या दिवशी एक रिंग स्वतः उभा राहून करून घेतो आणि ती साईटच्या खोलीत खिळ्याला टांगतो. बाकीच्या तिच्याशी ताडून. भाषा कुठलीही असो, रिंग सगळ्यांना वाचता येते.

आता जिना. सोपा मार्ग दिसतो तो असा की पायऱ्यांवरही एकूण ३ इंच माल आणि दगड टाकायचा, मग सगळ्या पायऱ्या आपोआप ६ येतील. पण दीड इंच जास्तीचा माल म्हणजे दर चौरस मीटरला साधारण ९० किलो वाढीव वजन, कायमचं. तुमच्या सरांना विचारल्याशिवाय हे करू नका, जिन्याची वेस्ट स्लॅब (पायऱ्यांखालचा तिरका स्लॅब) किती जाड आहे मला माहीत नाही. मी असतो तर उलट बाजूने गेलो असतो, खोल्यांमधली फरशीच पातळ करा. दोन्हीकडची जाडी सारखी झाली की प्रश्न संपला, मग ती दीड असो वा दोन.

गावचा_ठेकेदार

सळई साहेब, दीडमध्ये बसणार नाही. बंगल्याचा स्लॅब, लाकडी पट्टीने ओढलेला, त्याला अर्धा-पाऊण इंच चढउतार असतोच. फरशी १० मिमी, खाली माल किती राहिला? दोन इंच धरा, पायऱ्यांवर पण दोन. वजन पण अर्ध्या इंचाचंच वाढेल.

सळई

दोन चालेल. अर्ध्या इंचाचे ३० किलो, तरी सरांच्या कानावर घाला.

रचनाकार

थांबा, एक इंच फरशी कमी केली की बाकी काय काय हलतं ते बघा आधी. आतल्या चौकटी ३ इंच धरून बसल्या असतील तर खाली एक इंच फट राहील, तिथे चौकटीच्या पायाखाली दगडाचा तुकडा द्यावा लागेल. दारं अजून बनली नसतील तर सुताराला आजच सांगा की एक इंच लांब. बाल्कनीचं सगळ्यात महत्त्वाचं : बाल्कनीचा स्लॅब खाली सोडलाय की खोल्यांच्याच लेव्हलला? सोडला नसेल तर बाहेर वॉटरप्रूफिंग आणि उतार धरून दोन इंच सहज जातात, मग आत-बाहेर एकाच पातळीला येईल आणि कराडच्या पावसात पाणी हॉलमध्ये. तिथे दारात ग्रॅनाईटचा उंबरा द्या, इंचभर उठलेला. स्विचबोर्डांना काही होत नाही, एक इंचाने उंच वाटतील एवढंच.

चिराबंदी

मी रत्नागिरी जिल्ह्यातली. आमचं घर जांभ्याचं, आतून-बाहेरून गिलावा नाही, सांधे दिसणारे. आर्किटेक्टनी लिंटेल ७ फुटांवर दाखवलं होतं. आमचे गवंडी काका ड्रॉईंग न उघडताच म्हणाले, "ता जमाचा नाय." आमच्या चिऱ्याची उंची सात इंच, सांधा अर्धा, म्हणजे एक थर साडेसातचा. खिडकीचा खालचा कठडा अडीच फुटांवर, चार थर बरोब्बर. पण सात फूट म्हणजे ८४ इंच, त्यात अकरा थर होऊन दीड इंच उरतो, मग प्रत्येक खिडकीवर दीड इंचाची दगडाची चिपटी. आर्किटेक्ट आधी जरा रागावले, मग काकांच्या शेजारी चिऱ्यावर बसून थर मोजले आणि लिंटेल साडेसात फुटांवर नेलं, बारा थर. खिडक्या सगळ्या उंच झाल्या, वारा मस्त येतो. मुद्दा एवढाच की हे त्यांनी पुण्यातून, फोनवर, कधीच मान्य केलं नसतं.

निवांत

म्हणजे शेवटी गवंडीच हुशार, मी काय म्हणत होतो :)

अवांतर: आर्किटेक्ट नारी गांधी कागदावर फारसं काही न काढता कारागिरांबरोबर साईटवरच घरं घडवायचे म्हणतात. तिकडे केरळात लॉरी बेकरही काम चालू असतानाच गवंड्यांसोबत ठरवायचे.

रचनाकार

हो, आणि दोघंही साईटवर पाय रोवून उभे असायचे. कागद कमी तर माणूस तिथे जास्त. आमच्याकडे कागदही कमी आणि माणूसही नाही, त्याला नारी गांधी म्हणत नाहीत.

स्टुटगार्टकर

इकडची गंमत सांगतो. जर्मनीत आर्किटेक्टच्या कामाचे ९ टप्पे सरकारी मानधन-नियमातच ठरलेत, आणि त्यातला ८ वा टप्पा म्हणजे निव्वळ साईटवरची देखरेख. इमारतीच्या कामात एकूण मानधनातला ३२ टक्के वाटा त्या एका टप्प्याचा, म्हणजे जवळपास एक तृतीयांश. आमच्या शेजाऱ्यांचं घर झालं तेव्हा देखरेखीच्या बाई बूट घालून चिखलात दर आठवड्याला हजर, आणि प्रत्येक भेटीनंतर कोण काय कधीपर्यंत करणार याचा कागद सगळ्यांना. तरी भांडणं होतातच हो, खिडकीवाल्याने दोन महिने लावले. पण भांडताना कागद समोर असतो.

पुण्यात माझ्या भावाने बंगला बांधला तेव्हा आर्किटेक्टच्या फीमध्ये साईट भेटी "मधूनमधून" असं लिहिलेलं होतं.

सासरेबुवांचा_जावई

"मधूनमधून" =)) आमच्यात "गरजेनुसार".

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. अपडेट देतो.

शनिवारी मॅडम आल्या, आरसीसीचे सर व्हिडिओ कॉलवर, ठेकेदार, फरशीवाले मिस्त्री, प्लंबर आणि सुतार सगळ्यांना एकत्र उभं केलं. पहिली दहा मिनिटं सगळे माझ्याकडेच बघून बोलत होते, म्हणजे मॅडम मला सांगणार, ठेकेदार मला सांगणार, शेजारी-शेजारी उभे असून. मी चहा आणायच्या निमित्ताने बाहेर गेलो आणि जरा उशिरा परत आलो. आलो तर दोघं जिन्याखाली उकिडवे बसून टेप धरून होते.

फरशी आणि पायऱ्या दोन्हीकडे दोन इंच ठरलं, सरांनी वजनाला हो म्हटलं. मॅडमनी जिन्याचा छेद कच्च्या भिंतीवरच खडूने पूर्ण मापात काढला, खालच्या फरशीपासून वरच्या फरशीपर्यंत, प्रत्येक पायरीची पक्की लेव्हल. मिस्त्री म्हणाले आता मला कागद नको. लाल लाईन मारून झाली, त्यात कळलं की वरच्या बाथरूमच्या एका कोपऱ्यात स्लॅब पाऊण इंच वर आहे, तिथे ठोकून घ्यायचं ठरलं. बाल्कनीला स्लॅब खाली सोडलेला नव्हता, रचनाकार ताईंनी म्हटल्याप्रमाणे ग्रॅनाईटचा उंबरा.

साईटवर एक कार्बनवालं डुप्लिकेट बुक ठेवलंय. शंका आली की ठेकेदार लिहिणार आणि फोटो थेट मॅडमना, त्या दोन दिवसांत उत्तर देणार, उत्तर बुकात उतरवून त्याखाली दोघांच्या सह्या. ठेकेदार आधी म्हणाले "माझ्यावर विश्वास नाही का", मग मॅडमच म्हणाल्या की उद्या मी म्हणाले जाळी लावा आणि परवा म्हणाले तोडा, तर तोडायचे पैसे तुम्ही याच बुकातून मागायचेत. तेव्हा पटकन सही केली :)

गावचा_ठेकेदार

असा कागद मला पण पाहिजे होता गेल्या वर्षी.

ओळंबा

छान. बाथरूमचं एक विसरू नका, कमोड वॉल हंग आहे की जमिनीवरचा? जमिनीवरचा असेल तर पाईपचं सेंटर भिंतीपासून किती, हे टाईल लागल्यावरच्या भिंतीपासून धरायचं. कंपनीच्या कागदावर २२० किंवा ३०० मिमी लिहिलेलं असतं ते पक्क्या भिंतीपासूनचं, आणि प्लंबर विटेपासून मोजतो. गिलावा आणि टाईल मिळून इंच-सव्वा इंच जातो, मग टाकी मागे भिंतीला अडते आणि कमोड बसतच नाही.

कृष्णाकाठ

खालचा जमिनीवरचा आहे. प्लंबरला आत्ता फोन केला, "विटेपासून" म्हणाला. आता मॅडमना प्लंबरच फोन करतोय, मी नाही.

चिराबंदी

भेटींचे पैसे वेगळे द्यावे लागले का मॅडमना? आमच्याकडे त्यावरूनच कुरकुर झाली होती.

कृष्णाकाठ

हो, उरलेल्या चार भेटींचे वेगळे ठरवले, प्रवासासकट. फरशीच्या दुरुस्तीला जे जाणार होते त्यापेक्षा बरेच कमी आहेत.